पऱ्हाटीतला पेहराव

कापूस वेचायला निघालेल्या बाईचा वेश एकदा नीट पाहा. आत साडी, घोट्याच्या वर खोचलेली. साडीवर नवऱ्याचा नाहीतर मुलाचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट. गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या, बाह्या मनगटावर उतरवलेल्या, शर्टाचे खांदे तिच्या खांद्यांवरून खाली ओघळलेले. डोक्याला दुपट्टा, तोच नाकातोंडावरून फिरवून मागं गाठ मारलेला. कमरेला जुन्या लुगड्याच्या तुकड्याची ओटी; सकाळी पोटाशी चपटी आणि दुपारपर्यंत फुगून पुढं आलेली. रंगांचा मेळ कुणी घालायला बसलेलं नसतं. जांभळ्या साडीवर निळ्या चौकड्यांचा शर्ट आणि त्यावर पोपटी दुपट्टा, असं काहीही. पॅरिस-मिलानच्या रॅम्पवर अशा ढगळ, एकावर एक चढवलेल्या कपड्यांना मोठा भाव आहे. यवतमाळ जिल्ह्यात हा वेश दसरा-दिवाळीपासून पुढं तीन-चार महिने रोज सकाळी ऑटोत आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शेतावर जातो. त्याच्याकडं फॅशन म्हणून कुणी ढुंकूनही पाहत नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे दारव्हा तालुक्यातली एक मुलगी. पुण्यात फॅशनचं शिक्षण घेते. शेवटच्या वर्षाला तिला एक ‘कॉन्सेप्ट शूट’ करायचं होतं. यात कपडे विकण्यासाठी फोटो काढायचे नसतात. एक कल्पना धरायची आणि कपडे, माणूस, जागा, उजेड या सगळ्यांतून ती सांगायची. त्याआधी ‘मूडबोर्ड’ करावा लागतो. म्हणजे एका मोठ्या पुठ्ठ्यावर किंवा हल्ली संगणकाच्या पडद्यावर चित्रं, कापडाचे तुकडे, रंगांचे नमुने, जुने फोटो, एखादं वाळलेलं पान असं जमवत जायचं. शूटचा निम्मा निकाल तिथंच लागतो. तिनं विषय घेतला होता कापूस, आणि बोर्ड दाखवायला माझ्याकडं आली होती.

बोर्डवर अमेरिका होती. ‘कॉटन फील्ड’ असं पिंटरेस्टवर शोधलं की तेच येणार. सपाट, क्षितिजापर्यंत पांढरी शेतं आणि मधोमध पांढऱ्या गाऊनमधली अनवाणी मुलगी. दिसायला देखणं आहे, नाही कोण म्हणतो? पण त्या शेतांमागं गुलामगिरीचा इतिहास आहे, आणि तिथंसुद्धा असे फोटो काढणाऱ्यांना लोकांनी त्यावरून धारेवर धरलेलं आहे. शिवाय तिथला कापूस आता यंत्रानं निघतो. आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक बोंडातला कापूस कुणाच्या तरी बोटांनी निघालेला असतो. एकाच पिकाच्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि बोर्डवर आपली नव्हती.

बोर्डच्या दुसऱ्या कोपऱ्यात यवतमाळ होतं, पण ते बातम्यांतलं. भेगाळलेली जमीन, झाडाखाली बसलेला म्हातारा, पांढरी साडी, रिकामं कपाळ. बाहेरच्या जगाला या जिल्ह्याची ओळख शेतकरी आत्महत्यांमुळं झाली, हे खोटं नाही. पण फोटोपुरतं बोलायचं तर ती भेगाळलेली जमीन कित्येकदा यवतमाळची नसतेच. कुठल्या तरी आटलेल्या तळ्याचा गाळ असतो. आपल्या काळ्या कसदार मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात त्या पुन्हा मिटतात. शेतकऱ्याला त्या भेगांची भीती नसते, त्याला भावाची भीती असते. भाव फोटोत दिसत नाही म्हणून भेगा दाखवतात.

दुःखाला फॅशनची पार्श्वभूमी करण्याचे प्रयोग याआधी झाले आहेत, आणि ते अंगाशीही आले आहेत. २००० सालच्या एका संग्रहात डिझायनर जॉन गॅलियानो यांनी डिओर या फॅशन घराण्यासाठी पॅरिसच्या फुटपाथवरच्या बेघरांवरून कपडे केले, तेव्हा मोठं वादळ उठलं. ‘व्होग इंडिया’च्या ऑगस्ट २००८ च्या अंकात खेड्यातल्या गरीब माणसांच्या हातात महागड्या वस्तू देऊन फोटो छापले होते. बाळाच्या गळ्यात फेंडीचं लाळेरं, अनवाणी माणसाच्या हातात बर्बेरीची छत्री. टीका गरिबीवरून झालीच, पण मला त्यातला एक मुद्दा सगळ्यांत झोंबला. वस्तूंची नावं अंकात होती, माणसांची नव्हती. ती नुसती ‘बाई’ आणि ‘माणूस’ होती. पुढं २०१४ मध्ये मुंबईतल्या एका छायाचित्रकारानं बसमध्ये पुरुषांच्या तावडीत सापडलेल्या मॉडेलच्या फोटोंची मालिका ‘द राँग टर्न’ नावानं प्रसिद्ध केली. दिल्लीत बसमध्ये झालेल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेशी तिचा संबंध नाही असा खुलासा त्यानं केला, पण पाहणाऱ्यांना तो पटला नाही आणि मालिका मागं घ्यावी लागली.

म्हणून मी त्या मुलीला म्हटलं, बोर्ड बाजूला ठेव आणि सकाळी लवकर ये.

कळंब रस्त्यालगतच्या एका शेतात सात-आठ जणी वेचत होत्या. ओळीनं उभ्या, दोन्ही हात एकाच वेळी चालू. डाव्या हातानं फांदी धरायची असा माझा समज होता, तसं नाही. दोन्ही हात दोन बोंडांवर जातात, तीन बोटांची चिमूट करून कापूस एका ओढीत बाहेर येतो, चार-पाच बोंडांचा कापूस मुठीत जमला की ओटीत. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, उमललेलं बोंड वाळतं तेव्हा त्याच्या पाकळ्यांची टोकं काट्यासारखी कडक होतात आणि नखांच्या कडांना आणि हातांना ओरबाडतात. शर्टाची बाही तिथं कामाला येते. मुलीनं एका काकूंना विचारलं, ‘काकू, हा शर्ट का घालता वरून?’ काकू हसल्या. ‘हौस हाय का मले? पऱ्हाटीनं हात सोलून निघते न बाप्पा. अन् ऊन का कमी हाय!’ मग शर्ट कुणाचा, असं विचारल्यावर आजूबाजूच्या सगळ्याच हसल्या. ‘बुढ्याचा. त्याले आता पुरते कुठं?’

मुलीनं वही काढली आणि पहिल्यांदा फोटो न काढता चित्र काढलं. बाही कुठं घट्ट, कुठं सैल, ओटीची गाठ उजवीकडं की डावीकडं, दुपट्ट्याचा पीळ कसा. माझ्या मते प्रेरणा गोळा करण्याचं खरं काम ते. कॅमेरा सगळंच घेतो, त्यामुळं डोळा आळशी होतो. हात काढायला बसला की ‘हे असं का’ हा प्रश्न आपोआप येतो, आणि कपड्यातल्या प्रत्येक ‘का’ला इथं उत्तर आहे. शर्टाची मापं पुरुषाची असल्यानं काखेत वारा खेळतो. ओटी पुढं बांधली तर दोन्ही हात मोकळे राहतात. दुपट्टा उन्हासाठी, धुळीसाठी आणि फवारणीच्या वासासाठीही. हा वेश कुण्या डिझायनरनं काढलेला नाही, पण अडचणीतून घडत आलेला आहे, आणि त्यातली एकही वस्तू शोभेची नाही. तोच त्यातला ‘कॉन्सेप्ट’.

रंगही शेतातच आहेत. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. झाडाची पानं हंगामाच्या शेवटी लालसर तांबडी होतात. आपले लोक त्याला ‘लाल्या’ म्हणतात, तो शेतकऱ्याला नको असतो आणि रंग शोधणाऱ्याला हवा असतो. मधूनमधून काठ्यांवर गुलाबी बोंडअळीचे पतंग पकडणारे कामगंध सापळे आणि पिवळे चिकट सापळे लटकत असतात. हिरव्यावर तो भडक पिवळा चौकोन दिसला की बोर्डवर ठेवायचा मोह होतोच. ठेवावाही. यवतमाळच्या शेताचं आजचं चित्र तेच आहे. बैलगाडी आणि मोटेच्या आठवणींचं नव्हे.

एक सूचना मात्र वारंवार द्यावी लागते. शूट करणारी पोरं बोंडांवर पाणी शिंपडतात, थेंब चमकावेत म्हणून. कापसात ओलावा १२ टक्क्यांवर गेला की कापूस महामंडळ तो घेत नाही. आठच्या वर गेला की भावात कपात. तुमच्या एका चमकदार फ्रेमसाठी शेतकऱ्याचं गाठोडं नापास होऊ शकतं. दव वाळल्यावर वेचणी सुरू होते ती त्यामुळंच.

कापूस शेतातून जिनिंगमध्ये जातो. जिल्ह्यात यवतमाळ, वणी, राळेगाव, पांढरकवडा, दारव्हा, घाटंजी अशा ठिकाणी जिनिंग-प्रेसिंग आहेत. हंगामात त्यांच्या आवारात कापसाचे दुमजली ढीग असतात. छायाचित्रकाराच्या नजरेनं पाहिलं तर हा फुकटचा स्टुडिओ आहे. पांढऱ्या ढिगावरून परतलेला उजेड चेहऱ्यावर खालून, बाजूनं, सगळीकडून मऊ पडतो. थर्मोकोलचा रिफ्लेक्टर धरायला माणूस लागत नाही. आत रेच्यांच्या रांगा, सरकी एकीकडं आणि रुई दुसरीकडं, आणि तिथं काम करणाऱ्यांच्या भुवयांवर, पापण्यांवर, शर्टाच्या शिवणींवर बसलेले तंतू. त्या भुवया कुठल्याही मेकअपवाल्याला जमणार नाहीत. पण हे तंतू एका ठिणगीनं पेटतात. जिनिंगला आगी लागतात त्या बऱ्याचदा अशाच. तेव्हा तापणारे दिवे, लोंबकळत्या वायरी, धूर सोडायची नळकांडी यांचं नावही काढू नये; मालकाची परवानगी, सोबत तिथलाच एक माणूस, आणि सूर्याचा उजेड एवढ्यावर भागवावं. रुईची १७० किलोची गाठ लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली असते. ती पट्टी, तिची खूण कापडावर कशी उमटते, हे त्या मुलीनं पाहिलं आणि तिच्या कोटाच्या कमरपट्ट्याचा प्रश्न सुटला.

इथून पुढं कापूस बहुतेक बाहेर जातो. लोहारा एमआयडीसीत रेमंडचा डेनिमचा कारखाना आहे, आणि जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालयात वस्त्रोद्योग अभियांत्रिकी शिकवतात, म्हणजे जिल्ह्याला सूत-कापड अगदीच परकं नाही. तरी पिकाच्या मानानं कापड इथं थोडंच होतं. एक हिशेब मुलीच्या वहीत करून दिला. एक किलो कापसातून साधारण तिसरा हिस्सा रुई निघते. म्हणजे पाव किलोच्या सुती शर्टाला पाऊण किलो कापूस. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. पाऊण किलोचे झाले साठ-एकसष्ट रुपये. किलोला दहा रुपये वेचाई धरली तर त्या शर्टात वेचणाऱ्या बाईचे सात-साडेसात रुपये. हा आकडा मूडबोर्डवर जाऊ शकतो. मला तर वाटतं त्याच्याभोवती अख्खं शूट उभं राहील.

आता फवारणीच्या पांढऱ्या पोशाखाचं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्यानंतर मास्क, हातमोजे, चष्मे, प्लास्टिकचे अंगरखे असे संच वाटले गेले. फॅशनच्या मुलांना तो अंगरखा भुरळ घालतो. भविष्यकाळातला वाटतो, परग्रहावरचा वाटतो. पाठीवर फवारणीचा पंप, तोंडावर मास्क, मागं हिरवं शेत, अशी चित्रं मी पाहिली आहेत. माझं मत सरळ आहे. मरणाचा देखावा उभा करणारं शूट करू नये. पण वाटल्यावरही तो अंगरखा का वापरला गेला नाही, हा विषय कपड्याच्या विद्यार्थ्याचाच आहे. भाद्रपदातलं दमट ऊन, माणसाच्या उंचीची पऱ्हाटी आणि अंगावर प्लास्टिक. कुणी अर्धा तास काढून दाखवावा. डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या इन-स्टेम संस्थेनं आणि सेपिओ हेल्थनं ‘किसान कवच’ नावाचा सुती पोशाख आणला. त्याच्या कापडावरच कीटकनाशक निष्प्रभ होतं. किंमत सुमारे ४,००० रुपये, आणि दीडशे वेळा धुता येतो असं सांगतात. म्हणजे कापसानंच कापूस पिकवणाऱ्याला वाचवायचं. कॉन्सेप्ट शोधत असाल तर हा घ्या. तो सुटसुटीत कसा होईल, बायकांच्या मापात कसा बसेल, साडीवर कसा चढेल, हे दाखवा. परीक्षकही जागे होतील.

जिल्ह्यात पाहण्यासारखं आणखी पुष्कळ आहे, आणि इथं हात आवरावा लागतो. पुसद, दिग्रस, आर्णी, महागावच्या तांड्यांवर बंजारा आजींच्या अंगावर अजून फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, दिसते. आरसे, कवड्या, नाणी, कोपराच्या वर चढलेल्या पांढऱ्या बांगड्या, म्हणजे बलिया. तरुण मुली साडी किंवा ड्रेस घालतात आणि पूर्ण पोशाख तीज, होळी, लग्न अशा वेळी बाहेर काढतात. शेजारच्या वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं आहे. ते आधी पाहावं, मग तांड्यावर जावं. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी, म्हणजे तिथल्या बंजारा, भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्यामुळं ‘थोडे आरसे लावले की बंजारा लूक’ ही पळवाट आता फार काळ चालणार नाही.

चालत नाही याचं ताजं उदाहरण तर घरचंच आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडानं कोल्हापुरी चपलांसारखी पादत्राणं दाखवली आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. ओरड झाल्यावर कंपनीला मूळ मान्य करावं लागलं. २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी ही तऱ्हा. एवढ्या मोठ्या घराण्याची जी चूक झाली, तीच शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात आपण किती सहज करतो!

दिवाळीत आणखी एक गोष्ट घडते. राजगोंडांच्या गुड्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, दंडारी हा नाचणाऱ्यांचा जथा निघतो आणि त्यात घुसाडी नाचतात. डोक्यावर मोरपिसांचा भला थोरला टोप, अंगाला राख, गळ्यात माळा, हातात काठी. तेलंगणातल्या आदिलाबादेत हे मोठ्या प्रमाणावर. २०२१ मध्ये तिथले कनक राजू यांना घुसाडीसाठी पद्मश्री मिळाली. सीमेच्या अलीकडंही गोंडांची तीच परंपरा आहे. त्या टोपासारखं दृश्य दुसरं सापडणार नाही, हे मान्य. पण तो टोप आधी पुजला जातो आणि घालणारा त्या दिवसांत नेम पाळतो. तो भाड्यानं आणून मॉडेलच्या डोक्यावर ठेवू नये. पाहायचं असेल तर क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञानं १९४० च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांचे काढलेले फोटो लंडनच्या सोआस संस्थेच्या संग्रहात आहेत. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातही मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या जमातींची छायाचित्रं आहेत. मजकूर साहेबी तोऱ्याचा आहे, तो चाळून घ्यावा. पिंटरेस्टपेक्षा या जुन्या प्लेटा कितीतरी जास्त शिकवतात, कारण त्यांत कापड खरोखर अंगावर बसलेलं दिसतं.

जागांचं थोडक्यात. शकुंतला रेल्वेचे नॅरोगेजचे अवशेष प्री-वेडिंगवाल्यांनी पार झिजवले आहेत. गाडी कापूस वाहायला सुरू झाली होती हे माहीत असलं तरच तिथं जावं. वणीजवळ राजूरला चुनाभट्ट्या आहेत आणि त्याच तालुक्यात कोळशाच्या खाणी. पांढरं आणि काळं काही किलोमीटरवर. झरी-जामणी तालुक्यात शिबला-पार्डीच्या बाजूला रस्त्याच्या कामात निघालेले बेसाल्टचे बहुकोनी खांब आहेत. त्यांच्या कडा पाहून घडी घातलेल्या कापडाचा विचार सुचावा. यवतमाळचा दुर्गोत्सव कोलकात्याखालोखाल, असं इथले लोक अभिमानानं सांगतात. मंडपांच्या कापडकामाची, रोषणाईची आणि रंगकामाची कारागिरी नवरात्रात चालत फिरून पाहता येते. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ पासून आहे आणि खादी, चरखे, नैसर्गिक रंग हाताला लागतील एवढ्या जवळून पाहायला मिळतात. आणि अजून कुणी न उचललेला विषय हवा असेल तर १० जुलै १९३० चा पुसदचा जंगल सत्याग्रह आहे. लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला गेला. खादी, विळा, गवताची पेंढी. एवढ्या सामानावर शूट होतं.

त्या मुलीचं शेवटी काय ठरलं? मॉडेल बाहेरून आणायची नाही. तिनं पुरुषी शर्टाच्या मापातून तीन कोट कापले, ओटीचा खिसा केला, आणि वेचणाऱ्या बायकांपैकी ज्या तयार झाल्या त्यांनाच ते घालायला दिले, दिवसाच्या मजुरीला धक्का न लावता, शूटची मजुरी वेगळी देऊन. फोटो सकाळी साडेआठच्या आत आणि दुपारी चारनंतर. मधला उजेड इथं माणसाचे डोळे खड्ड्यात घालतो. कोट घातल्यावर एक काकू म्हणाल्या, ‘हे लय गरम होते, बाही उसव.’ बाही उसवली. फोटोत ती उसवलेली आहे, आणि कोट सुधारला आहे.

फॅशन शिकवणाऱ्या महाविद्यालयांना एक विनंती करायची आहे. प्रकल्पाच्या तपासणीच्या दिवशी मुलांना तीन गोष्टी विचारा आणि त्यांना गुण ठेवा. हे कुठून घेतलं, ज्यांचं आहे त्यांना विचारलं का, आणि छापलेला फोटो त्यांच्या हातात दिला का? श्रेयनामावलीत मॉडेल, मेकअप, छायाचित्र यांच्याच आकारात त्यांची नावंही, त्यांची संमती असेल तर, येऊ द्या. वेचणी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालते. सुट्टीत घरी आलेल्यांना तेवढा वेळ असतो.